खाडा 26 ने, जादा दिवस 30 ने



मुलं सांभाळणाऱ्या बायकांच्या ‘वाढत्या मागण्यां’बद्दल गेल्या रविवारच्या अंकात नोकरदार आईबापांनी मन मोकळं केलं. पगाराचा हिशेब मात्र एकानेही मांडला नाही.

समजा, पुण्यात सकाळी आठ ते रात्री आठ बाळापाशी थांबणाऱ्या ताईला महिना 15,000 रुपये ठरले. रविवार सोडून 26 दिवस, म्हणजे 312 तास. तासाला 48 रुपये. घरचे हिंजवडीच्या वाहतुकीत अडकून रोज दोन तास उशिरा पोचले, तर तास होतात 364 आणि दर उतरतो 41 रुपयांवर. त्या जादा 52 तासांचे पैसे तिने मागितले, तर ‘अहो ताई, तुम्ही घरच्याच ना!’ हे उत्तर तयार असतं.

खरी मेख भागाकारात आहे. ताईचा खाडा झाला की 15,000 ला 26 ने भागून 577 रुपये कापायचे. रविवारी पाहुणे आले म्हणून तिलाच बोलावलं, तर मात्र 30 ने भागून 500 हातावर ठेवायचे. ऑफिसात दिवसभर एक्सेल चालवणाऱ्यांना हा फरक कळत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

त्याहून वाईट रीत मे महिन्यातली. कुटुंब दहा दिवस कोकणात जातं आणि तेवढ्या दिवसांचा पगार ताईचा कापतं. सुट्टी घेतली घरच्यांनी, खाडा पडला तिच्या नावावर. तिचं घरभाडं दहा दिवस थांबत नाही. त्या दिवसांत तिने दुसरं काम धरलं, तर ‘बाळाला तुमची सवय झालीय’ म्हणून रुसवा. बाई आपल्यासाठी राखून ठेवायची असेल, तर राखलेल्या दिवसांचे पैसे मोजावेत. पूर्ण मोजावेत.

एवढं अवघड काही नाही. ठरलेल्या तासांचा महिन्याचा पगार, जादा तासाचा वेगळा दर, आठवड्याची सुट्टी, भरपगारी आजारपणाची रजा, दिवाळीला एक पगार बोनस, उचल दिली तर तिचा हप्ता: सगळं पहिल्या दिवशीच कागदावर हवं. जुन्या साड्या आणि उरलेली भाजी त्यात धरू नये. आजारपणाची रजा ही काही आजची टूम नव्हे. पुण्याच्या मोलकरणींनी 1980 साली संप केला, तेव्हाही ती मागणी होतीच. कर्नाटकाने तर 2004 सालीच घरकामाचं किमान वेतन ठरवलं.

आणखी एक. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. तक्रार करणाऱ्या आईबापांपैकी किती जणांनी आपल्या कंपनीच्या एचआरला त्याबद्दल विचारलं? तिथे आवाज चढत नाही. तो चढतो ताईने हजार रुपये वाढवून मागितल्यावर.

महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं. त्यात नाव नोंदवायला बाईला मालकाचा दाखला लागतो आणि तो द्यायला लोक कचरतात. पगाराचा कागद करतानाच त्या दाखल्यावरही सही करावी.

– एक वाचक, पुणे