ऑपरेशन झालं, तपासणी राहिली

तांबी बसवली की पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो, ही भीती अजून घरोघरी आहे. मोठ्या अभ्यासांत मात्र उलटंच दिसलं: तांबी वापरलेल्या बायकांमध्ये हा कॅन्सर कमी आढळला. गोळ्यांबद्दलची शंका अगदीच निराधार नाही. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. पाच वर्षं किंवा अधिक काळ गोळ्या घेत असलेल्यांना धोका जवळपास दुप्पट होता. गोळ्या थांबवल्यावर तो उतरत गेला आणि दहा वर्षांत इतरांइतका झाला. पण मूळ कारण एचपीव्ही हा विषाणू. त्यामुळे घाबरून माला-एन सोडून नको असलेलं गरोदरपण ओढवून घेऊ नका, पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. निरोध या विषाणूला बऱ्याच अंशी अडवतो, पूर्णपणे नाही.

मला खरी काळजी आहे ती ऑपरेशन झालेल्या बाईची. महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, पुष्कळ जणींची पंचविशीच्या आसपासच. टाक्याचं असो की बिनटाक्याचं, त्यात बंद होतात त्या नळ्या. पिशवीचं तोंड जिथल्या तिथं राहतं आणि विषाणूचा धोकाही. तांबीवाली निदान ती बदलायला तरी दवाखान्यात येते; हिला कोण बोलावतं? पांढरं जात असलं तरी ती महिनोन्‌महिने अंगावर काढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ही तपासणी कधी तरी झालेल्या दोघीही नव्हत्या.

तपासणी तरी केवढीशी? व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं हे काम दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांकडून करून घेतलं आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तर आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं ते निम्म्यावर आले. एवढा पुरावा आपल्याच राज्यात तयार झाला, तरी आपण बाईला टाके काढून घरी पाठवतो ते कायमचंच.

नसबंदी झालेल्यांची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात असतेच. त्याच नोंदीवरून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीला आशाताईंनी तपासणीला आणावं, आणि या कामाचा वेगळा मोबदला सरकारनं त्यांना द्यावा.