पदपथ हे दान नव्हे, देणे आहे

पुण्याच्या रस्त्यावरून कोणी कसे चालावे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. पेशवाईत याच शहरात अस्पृश्याने कमरेला झाडू व गळ्यात मडके बांधून चालावे असा दंडक होता, हे परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात जगापुढे मांडले. पुढे भारतीय संविधानाच्या १५(२) कलमाने, राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, घाट व रस्ते यांच्या वापरास जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे ठरविले. झाडू गेला, मडके गेले. परंतु रस्ता कायद्याने मोकळा झाला म्हणजे तो जीव सांभाळून चालण्याजोगा झाला, असे नव्हे.

आज पुण्यात पायी कोण चालतो? भल्या पहाटे झाडलोटीच्या कामावर निघालेली भगिनी, चार घरची धुणीभांडी करणारी माता, शाळेत जाणारे मूल, बसथांब्याकडे निघालेला वृद्ध. येरवडा, ताडीवाला रस्ता, दांडेकर पूल, पर्वती पायथा येथील वस्त्यांतून निघणाऱ्या या माणसांजवळ मोटार नाही. म्हणून रस्त्याच्या कडेला हातभर जागा मिळणे हा त्यांच्या जीविताचा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण केवळ पायी चालत होता.

कायदा या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या ६३व्या कलमात सार्वजनिक रस्ते बांधणे व राखणे हे महापालिकेचे आवश्यक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आणि त्याच अधिनियमातील ‘रस्ता’ या शब्दाच्या व्याख्येत पायवाटही येते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ वापरण्याचा हक्क हा २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे सांगून सर्व राज्यांना त्याविषयी धोरण आखण्यास फर्माविले. पुणे महापालिकेने तर २०१६ सालीच पादचारी धोरण मंजूर केले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी.

मग उणीव कशाची? पैसा नाही, हे उत्तर आम्हांस मान्य नाही. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधमध्ये रुंद, सुबक पदपथ झाले. ते झाले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु जे तेथे शक्य झाले ते वस्तीच्या तोंडाशी अशक्य का ठरावे? जेथे मागणी लेखी, मोजमापासह व सातत्याने होते तेथे तरतूद होते. जेथे केवळ तक्रार होते तेथे आश्वासन मिळते.

निधीचे मार्ग आहेत. २००६ सालापासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचविलेल्या कामांना स्थान दिले जाते, आणि पदपथ हे त्यात बसणारे काम आहे. त्याचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. अनुसूचित जातींच्या शहरी वस्त्यांत रस्ते, गटारे आदी कामांसाठी राज्य शासनाची लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना आहे. तिचे अनुदान महापालिकेमार्फतच खर्च होते. अनुदान या शब्दात ‘दान’ असले तरी तो कोणाचा उपकार नव्हे. कापडासारख्या वस्तूंच्या खरेदीत आपण कर भरतो. त्याच पैशाचा वाटा आपण मागत आहो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पदपथ मोकळे करा असे म्हणताच पहिली काठी पडते ती भाजीवाल्या बाईच्या टोपलीवर. ती आपलीच आहे. पथविक्रेत्यांचा २०१४ सालचा कायदा तिला सर्वेक्षण, प्रमाणपत्र व नेमलेली जागा यांचे संरक्षण देतो. पदपथावर चढविलेली मोटार आणि दुचाकी मात्र कोणत्याही कायद्याच्या आश्रयाने तेथे उभी नाही. ज्यांना छप्परच नाही त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीजवळ पदपथावर झोपलेल्या मजूर कुटुंबांवर डंपर चढून दोन बालकांसह तिघे ठार झाले. पदपथ चालणाऱ्यासाठी असावा हे खरे. पण माणसाला तेथे झोपावे लागू नये, हीही शासनाचीच जबाबदारी आहे.

म्हणून आमची आपणांस सूचना आहे. विहारातील पुढील बैठकीत एक घटका या कामासाठी द्या. आपल्या वस्तीपासून शाळा, दवाखाना व बसथांबा यांपर्यंतचा रस्ता टेप लावून मोजा. पदपथ कोठे तुटला आहे, कोठे मुळीच नाही, हे कागदावर उतरवा. शिकलेल्या मुलामुलींकडून अर्ज लिहून घ्या, भगिनींच्या सह्या प्रथम घ्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. उत्तर न आल्यास २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याखाली खर्चाचा हिशेब मागा. मंजुरी एका अर्जाने मिळेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु दप्तरात नोंद झालेली मागणी नाकारणाऱ्यास कारण लिहावे लागते, आणि लिहिलेले कारण न्यायालयात तपासता येते.