हलका हातोडा

दरमहा या पानावर आम्ही मुलांच्या अभ्यासाविषयी चार गोष्टी सांगत असतो. या वेळी थोडी प्रवासाची हकिकत आहे, आणि तिच्यात चूक मुलाची नसून मास्तरांची, म्हणजे आमचीच आहे.

आमची धाकटी बहीण लग्नानंतर लंडनला गेली. कोकणातली आपली बरीच कुटुंबे तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांपैकीच तिचे सासर. अल्लाहच्या कृपेने मेच्या सुट्टीत आम्हा उभयतांना तिच्याकडे जाण्याचा योग आला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी होती आणि पार्लमेंटचे कामकाजही बंद होते. चौदा वर्षांच्या भाच्याने वेस्टमिन्स्टरचा राजवाडा आणि त्याचा घड्याळाचा मनोरा आम्हाला दाखवायचे ठरवून तिकिटे आधीच काढून ठेवली होती.

निघण्यापूर्वी नाश्त्याच्या वेळी बहीण म्हणाली, ‘‘भाईजान, तुम्ही मास्तर आहात. जरा याचं उर्दू ऐका ना!’’ पोराने पुस्तक उघडले. दोन ओळींत चार वेळा अडखळला. आमच्यातला मास्तर जागा झाला. सगळ्यांच्या देखत आम्ही म्हणालो, ‘‘अरे, आमच्याकडची तिसरीतली पोरं याहून बरं वाचतात!’’ मेहुणे हसले. पोराने पुस्तक मिटले आणि गुपचूप बूट घालायला गेला.

राजवाड्यात प्रथम वेस्टमिन्स्टर हॉल लागतो. हा १०९७ साली बांधायला घेतलेला. १८३४ च्या आगीत बाकीचा जुना राजवाडा बहुतेक जळाला, पण हे दालन वाचले. आगीचे कारण ऐकण्यासारखे आहे. पूर्वी सरकारी हिशोब लाकडी काठ्यांवर खाचा पाडून ठेवीत. त्या जुन्या काठ्या तळघरातल्या भट्टीत एकदम जाळायला घातल्या आणि सारी इमारत पेटली. याच हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे खटला चालला. पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले ते याच गव्हर्नर जनरलच्या काळात. अखेर तो निर्दोष सुटला.

पुढे हिरव्या बाकांचे सभागृह. सभासद ६५०, पण ते आम्हाला आपल्या तालुक्याच्या सभागृहाएवढेच वाटले. पाहुण्यांनी बाकांवर बसायचे नाही, असा नियम. आमच्या सौभाग्यवतींनी बाकाकडे आशेने पाहिले, पण पहारेकऱ्याने नम्रपणे मान हलवली. इथे सभासदाला आपापल्या धर्मग्रंथावर शपथ घेता येते. १८९२ मध्ये निवडून आलेल्या आपल्या दादाभाई नौरोजींनी अवेस्तावर शपथ घेतली होती, आणि १९९७ मध्ये ग्लासगोतून निवडून आलेले पहिले मुस्लिम सभासद मोहम्मद सरवर यांनी कुरआनवर. ही माहिती भाच्यानेच सांगितली, तीही आमच्याकडे न बघता, मामीकडे बघून.

मग मनोरा. सारे जग ज्याला बिग बेन म्हणते, ते मुळात आतल्या मोठ्या घंटेचे टोपणनाव. मनोऱ्याचे नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर आहे. पायथ्याशी मार्गदर्शक बाईंनी भरभर काहीतरी विचारले. आम्ही अदबीने ‘‘येस, येस’’ म्हणालो. बाई गंभीर झाल्या आणि घोळक्यातले दोघे-तिघे हसले. भाचा आमच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, ‘‘मामू, त्या विचारतायत, गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे का.’’ मग आमच्या वतीने त्यानेच बाईंना सांगितले. तो हसला नाही. आमच्या इंग्रजीबद्दल एक शब्द बोलला नाही. आम्ही मुकाट्याने गोल जिन्याच्या ३३४ पायऱ्या चढायला लागलो.

वाटेत घड्याळाच्या चार तबकड्यांच्या मागून जाता येते. एकेका तबकडीचा व्यास सुमारे ७ मीटर आहे. दुधी काचेतून येणाऱ्या उजेडात माणसे बुटकी दिसतात. पुढे यंत्राची खोली. घड्याळ १८५९ मध्ये सुरू झाले आणि आजही आठवड्यातून तीनदा त्याला किल्ली द्यावी लागते. बाई सांगत होत्या आणि भाचा आम्हाला मराठीत समजावत होता. ‘‘मामू, तो खाली हलतोय ना, मोठा... झोका...’’

‘‘लंबक,’’ सौभाग्यवती म्हणाल्या.

‘‘हां, लंबक! त्याच्यावर ना, जुनी नाणी ठेवलीत. पेनी. घड्याळ मागं पडलं तर एक पेनी वाढवायची. दिवसाला ०.४ सेकंद पुढं जातं. पुढं गेलं तर एक काढायची.’’

एवढे टनावारी वजनाचे यंत्र, आणि त्याला वळणावर आणायला एक नाणे पुरते! आम्ही लंबकाकडे बघत राहिलो.

सर्वांत वर घंटा. तिथे कानात घालायला बोळे देतात. मोठ्या घंटेचे वजन १३.७ टन आहे. तिच्या अंगावर एक तडा आहे, तो बाईंनी बोटाने दाखवला. ही घंटा दुसरी. पहिली चाचणीतच तडकली होती. ही १८५८ मध्ये ओतली, त्याच वर्षी वर चढवली, दुसऱ्या वर्षी वाजू लागली, आणि दोन-अडीच महिने वाजली तोच हिलाही तडा गेला. घड्याळाची रचना करणारे डेनिसन हे फार हुशार आणि फार कडक गृहस्थ. त्यांनी सारा दोष घंटा ओतणाऱ्यांवर टाकला. ओतणाऱ्यांचे म्हणणे असे की आम्ही सांगितले त्याच्या दुपटीहून जड हातोडा तुम्ही लावलात. भांडण कोर्टापर्यंत गेले. घंटा काही वर्षे मुकी राहिली. शेवटी खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी तोड काढली. घंटा बदलू नका, थोडी फिरवा आणि हातोडा हलका लावा. तेव्हापासून ती तड्यासकट वाजते आहे.

तेवढ्यात बारा वाजले. बाराही टोल आम्ही छातीत ऐकले. पण आमच्या डोक्यात घुमत होते ते सकाळचे वाक्य. आणि खरे सांगायचे तर आणखी एक जुनी गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या वर्गात एक मुलगा वाचताना असाच अडखळत असे. आम्ही त्याला रोज सर्वांसमोर उभे करून वाचायला लावले, सुधारावा म्हणून. तो सुधारला नाही. वाचायचाच बंद झाला. पुढे शाळाही सोडली. प्रगतिपुस्तकात आम्ही शेरा लिहिला होता, ‘निष्काळजी’. डेनिसनसाहेबांप्रमाणे आम्हीही घंटेलाच दोष दिला होता.

खाली उतरून नदीकाठच्या बागेत आलो. एकचा टोल पडला तेव्हा सूर्य नुकताच माथ्यावरून ढळला होता. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे जोहरची वेळ एकच्या सुमारासच होते. झाडाखाली चादर अंथरून आम्ही तिघांनी नमाज अदा केली. सलाम फेरल्यावर आम्ही भाच्याला म्हटले, ‘‘बेटा, सकाळी आम्ही सगळ्यांपुढं तुला बोललो, ते चुकलं. माफ कर.’’

तो गवत उपटत राहिला. मग म्हणाला, ‘‘मामू, मला अक्षरं येतात. कुणी ऐकत असलं की येत नाहीत.’’

वाचकहो, बीएडला आम्ही शिक्षणाचे मानसशास्त्र शिकलो, परीक्षेत चांगले गुणही मिळवले. पण हे एवढे साधे वाक्य एकवीस वर्षांच्या नोकरीत आम्ही कुठल्याही मुलाला बोलू दिले नव्हते. हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची दहा वर्षे सेवा केली. ते लहान वयातच सेवेत आले होते. पण त्या दहा वर्षांत प्रेषितांनी त्यांना कधी ‘उफ्’ही म्हटले नाही. ही हदीस आम्ही जलशांत कितीदा सांगितली असेल!

त्या रात्री भाचा आपण होऊन पुस्तक घेऊन आला, दार लोटून घेतले आणि वाचू लागला. अडखळला. आम्ही गप्प राहिलो. पानाच्या शेवटी एकच शब्द दुरुस्त केला, तोही हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी दुसरा. आमच्या मुक्कामात तो काही अस्खलित वाचू लागला नाही. पण परवा बहिणीचा फोन आला. रोज अर्धे पान वाचतो म्हणाली, दार लोटूनच.

जूनमध्ये शाळा उघडली. मागच्या बाकावरच्या मुलांना आता आम्ही मधल्या सुट्टीत, एकेकाला, टेबलाजवळ बोलावून वाचायला सांगतो. आपल्या घरीही एखादे मूल कुरआनचा सबक देताना किंवा पाढे म्हणताना अडखळत असेल. पाहुण्यांसमोर त्याची परीक्षा घेऊ नका. दिवसाला एक पेनी पुरते. आणि शाळा सोडून गेलेला तो मुलगा आता आमच्याच तालुक्यात रिक्षा चालवतो, असे कळले आहे. इन्शाअल्लाह, या महिन्यात त्याला भेटायला जाणार आहोत.