व्हीआरमध्ये विमान उडवताना गरगरतंय? आधी फ्रेम रेट तपासा

गेल्या दिवाळीत पुण्याच्या मामाने त्याचा वापरलेला व्हीआर हेडसेट माझ्या धाकट्या भावाला दिला. भाऊ बारावीत आहे आणि पाचवीपासून त्याचं एकच पालुपद आहे, ‘मी पायलट होणार.’ त्याच रात्री त्याने घरातल्या गेमिंग लॅपटॉपला हेडसेट जोडला आणि इंदूरच्या विमानतळावरून उड्डाण केलं. दहाव्या मिनिटाला त्याने हेडसेट काढला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तसाच तो धावत बाथरूममध्ये गेला. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘‘ताई, मला खोटं विमान झेपत नाही, खरं काय झेपणार?’’

हेडसेट कपाटात गेला. आईला वाटलं, बरंच झालं, अभ्यास तरी करेल. बाबांना वाटलं, लॅपटॉपच जुना झालाय, नवा घ्यावा लागेल. पण दोन्ही निष्कर्ष घाईचे होते. दोष त्याच्या पोटाचा नव्हता आणि नव्या लॅपटॉपचीही गरज नव्हती. दोष अडखळणाऱ्या फ्रेम रेटचा होता. तुमच्याही घरात असा एखादा हेडसेट कपाटात पडून असेल तर या वेळचा लेख तुमच्यासाठीच आहे.

फ्रेम रेट म्हणजे नेमकं काय?

पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे खरं तर एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. एका सेकंदात किती चित्रं दिसतात तो फ्रेम रेट. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो आणि आपल्याला काही खटकत नाही, कारण पडदा समोर असतो आणि आपण खुर्चीत स्थिर असतो.

हेडसेटमध्ये मात्र तुम्ही मान वळवली की आख्खं जग त्याच क्षणी वळायला हवं. मेटा क्वेस्ट ३ सारखा हेडसेट सेकंदाला ७२, ८०, ९० किंवा १२० वेळा चित्र बदलू शकतो. ९० वर ठेवला तर प्रत्येक चित्रासाठी कॉम्प्युटरला फक्त ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ वर ठेवला तर १३.९. शिवाय चित्र दोन डोळ्यांसाठी दोनदा काढावं लागतं.

एखादं चित्र उशिरा आलं की डोळे मेंदूला एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव दुसरंच सांगतो. या भांडणातून घाम, गरगरणं आणि मळमळ सुरू होते.

जास्त नको, स्थिर हवा

इथेच बहुतेकांची गल्लत होते. घाटातली बस आठवा. सावकाश, एकाच वेगाने चालणाऱ्या बसमध्ये तुम्ही झोपूनही जाता. पण वेग वाढवून सारखे ब्रेक मारणाऱ्या ड्रायव्हरच्या बसमध्ये लिंबू हुंगत बसावं लागतं. फ्रेम रेटचंही तसंच आहे. कधी ७०, कधी ३० असं नाचणाऱ्या आकड्यापेक्षा ठाम ४५ किंवा ३६ कितीतरी सुखाचा.

आता ३६ कसा पुरेल? तर त्यासाठी हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. मेटाच्या हेडसेटमध्ये तिला एसिंक्रोनस स्पेसवॉर्प म्हणतात, स्टीम व्हीआरमध्ये मोशन स्मूदिंग. सिम्युलेटर अर्धी चित्रं काढतो आणि मधली चित्रं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. म्हणजे ९० ला ४५ आणि ७२ ला ३६. अर्ध्यावर प्रत्येक चित्राला दुप्पट वेळ मिळतो, ३६ वर तर तब्बल २७.८ मिलिसेकंद. तोटा इतकाच की फिरणाऱ्या पंख्याच्या किंवा खिडकीच्या कडा कधीकधी पाण्यात पाहिल्यासारख्या लहरतात. विमान गेममधल्या गाडीसारखं झटकन वळत नाही, त्यामुळे हा सौदा इथे परवडतो.

साधा लॅपटॉप असेल तर हेडसेट ७२ वर ठेवा आणि ३६ हे लक्ष्य धरा.

बाकी गेम चालतात, मग हाच का अडतो?

‘बीट सेबर’ मध्ये एक छोटी जागा आणि काही ठोकळे असतात. विमानाच्या सिम्युलेटरमध्ये मैलोन् मैल जमीन, इमारती, ढग, विमानतळावरची गर्दी, कॉकपिटमधले जिवंत पडदे आणि पंखांवरून वाहणाऱ्या हवेचं गणित, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ ऑगस्ट २०२० मध्ये कॉम्प्युटरवर आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यात व्हीआर आलं. ‘एक्स-प्लेन’ आणि ‘डीसीएस वर्ल्ड’ हेही असेच भारी सिम्युलेटर आहेत. त्यामुळे बाकी गेम नीट चालतात म्हणून हाही चालेल, असं गृहीत धरू नका.

लाटणं अडलंय की तवा?

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी अडचण कुठे आहे ते शोधा. स्वयंपाकघरात दोघी मिळून पोळ्या करतायत असं समजा. एक लाटते, दुसरी भाजते. लाटणारी मागे पडली असेल तर मोठा तवा आणून पोळ्या वाढणार नाहीत. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर लाटतो आणि ग्राफिक्स कार्ड भाजतं.

ओळखण्याची सोपी युक्ती अशी. सिम्युलेटरमध्ये रेंडर स्केल एकदम १०० वरून ६० करा. चित्र धूसर होईल, होऊ द्या. फ्रेम रेट चांगला वाढला तर ग्राफिक्स कार्ड थकलेलं होतं. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसर थकलाय. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड सुरू केलात तर फ्रेम रेटचा तक्ता दिसतो आणि ‘मेन थ्रेड’ अडलाय की ‘जीपीयू’ तेही तिथेच लिहिलेलं असतं.

तवा अडला असेल तर

* रेंडर स्केल कमी करा. लांबी आणि रुंदी दोन्ही ८० टक्के केल्या तर एकूण पिक्सेल ६४ टक्केच उरतात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ओझं उतरतं.
* ढग अल्ट्रावरून हाय किंवा मीडियमवर आणा. ढगाळ हवेत याचा फरक लगेच कळतो.
* सावल्या आणि प्रतिबिंबं एकेक पायरी खाली आणा. उडताना त्यांची उणीव जाणवत नाही.
* एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलएसएस आणि इतर कार्डांसाठी एफएसआर वापरून पाहा. यात लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं केलं जातं. मात्र कॉकपिटच्या पडद्यांवरचे बारीक आकडे थोडे पुसट होऊ शकतात.

लाटणं अडलं असेल तर

* ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’ कमी करा. दोनशेवर असेल तर शंभरवर आणून पाहा.
* विमानतळावरची गर्दी कमी करा. इतर विमानं, गाड्या, माणसं हे सगळं प्रोसेसरच हलवत असतो.
* कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांचा रिफ्रेश रेट खाली आणा किंवा काट्यांची जुनी घड्याळं असलेलं विमान निवडा.
* सुरुवात मुंबईसारख्या दाट शहरातून करू नका. छोट्या धावपट्टीवरून निघा.
* मागे चालू असलेला ब्राउझर, त्याच्या तीस खिडक्या आणि डाउनलोड बंद करा.

एका वेळी एकच सेटिंग बदला, तीच धावपट्टी, तीच हवा ठेवा आणि आकडा वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

वायफाय आणि उकाडा

कधीकधी सिम्युलेटरमध्ये आकडा स्थिर असतो, तरी हेडसेटमध्ये चित्र अडखळतं. तेव्हा वायफायकडे पाहा. हेडसेट बिनतारी वापरत असाल तर लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर ठेवा आणि खेळा त्याच खोलीत. घरात त्याच वेळी कुणी टीव्हीवर मालिका स्ट्रीम करत असेल तर बिटरेट थोडा उतरवा.

लॅपटॉप नेहमी चार्जरला लावून, परफॉर्मन्स मोडमध्ये चालवा. गादीवर ठेवू नका, खालची हवा कोंडते. मे महिन्यात पहिली दहा मिनिटं सगळं छान आणि मग फ्रेम रेट घसरतोय असं झालं तर लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतोय. मागची बाजू उचलून ठेवा, पंख्याच्या जाळ्या साफ करा.

शरीराचंही ऐका

सेटिंग जमली तरी पहिल्या आठवड्यात दहा ते पंधरा मिनिटांवर जाऊ नका. घाम किंवा जांभया सुरू झाल्या की लगेच थांबा. ‘सहन केलं की सवय होईल’ हा सल्ला ऐकू नका, कारण त्याने उलट हेडसेट पाहूनच मळमळायला लागतं. समोर टेबलफॅन ठेवा, नजर क्षितिजावर ठेवा, उड्डाण संपल्यावर लगेच स्कूटर चालवायला निघू नका. मेटाच्या हेडसेटसाठी किमान वय १० वर्षं आहे आणि लहान मुलांचं खातं पालकांच्या देखरेखीखाली असतं, हेही लक्षात असू द्या.

मग भावाचं काय झालं?

आम्ही दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो. रेंडर स्केल ६० केला, आकडा हलला नाही. म्हणजे लाटणं अडलं होतं. विमानतळाची गर्दी उतरवली, जमिनीचं डिटेल अर्ध्यावर आणलं, हेडसेट ७२ वर ठेवला, फ्रेम ३६ वर बांधल्या. खर्च झाला एका लॅन केबलचा. बाबांचा नव्या लॅपटॉपचा विषय तिथेच संपला.

तिसऱ्या दिवशी तो सेसना १७२ घेऊन इंदूरहून ओंकारेश्वरकडे निघाला. वीसेक मिनिटांनी खाली नर्मदा दिसली तेव्हा त्याने आईला हाक मारली, ‘‘आई, ये ना, बघ!’’ आईने लॅपटॉपच्या पडद्यावर घाट शोधला, मग स्वतःच म्हणाली, ‘‘दे बरं मला एकदा.’’ परतीचं लँडिंग वाईट झालं, पण पोट शांत होतं.

याचा अर्थ तो पायलट होणारच असा नाही. घरच्या सिम्युलेटरचे तास व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या २०० तासांत धरले जात नाहीत आणि शरीर योग्य आहे की नाही ते डीजीसीएची वैद्यकीय तपासणी ठरवते, खोलीतला हेडसेट नाही. पण व्हीआरला आता कुणी निव्वळ खेळही म्हणत नाही. युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये रॉबिन्सन आर२२ हेलिकॉप्टरच्या व्हीआर प्रशिक्षण यंत्राला मान्यता दिली आहे.

तुमच्या घरातलं मूल ‘मला हे झेपत नाही’ म्हणत एखादी गोष्ट कपाटात ठेवत असेल तर त्याला लगेच समजावू नका आणि लगेच नवीन वस्तूही आणू नका. एक वही घ्या, शेजारी बसा आणि आधी आकडा बघा.