विषयांची टोपली आणि विद्यार्थ्याचा प्रश्न

दर हिवाळ्यात दिल्लीच्या हवेविषयी एकाच दिवशी दोन निरनिराळे आकडे वाचायला मिळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निर्देशांक साडेचारशेच्या आसपास असतो, तर एखाद्या खासगी मोबाइल अ‍ॅपवर तो त्याहून कितीतरी मोठा दिसतो. मग ‘खरा आकडा कोणता’ यावर वाद रंगतो. वास्तविक दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. २०१५ मध्ये सुरू झालेला भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांचा विचार करतो, त्यांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वांत वाईट तोच त्या दिवसाचा निर्देशांक मानतो, आणि त्याची मोजपट्टी ५०० वर संपते. दुसऱ्या देशाची मोजपट्टी वापरणारे अ‍ॅप त्याच हवेला वेगळा आकडा देते.

एवढे समजून घ्यायला कोणता विषय लागतो? धूलिकण मोजणाऱ्या उपकरणासाठी भौतिकशास्त्र, प्रदूषकांसाठी रसायनशास्त्र, कोणती पातळी घातक हे ठरवण्यासाठी आरोग्यविज्ञान आणि संख्याशास्त्र, आणि तो आकडा बातमीत कसा उतरतो हे पाहण्यासाठी माध्यमांचा अभ्यास. महाविद्यालयाच्या कोणत्याही एका विभागात हा प्रश्न मावत नाही. आपल्या देशातील बहुविद्याशाखीय पदवीशिक्षणाकडे पाहताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीसाठी १६०. त्यांपैकी ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांसाठी राखलेले आहेत, म्हणजे प्रत्येकी ३ श्रेयांकांचे तीन प्रास्ताविक अभ्यासक्रम. निवडीच्या यादीत निसर्गविज्ञान आहे, गणित-संगणक आहे, मानव्यविद्या आहेत, तसेच ग्रंथालय, माहिती व माध्यमशास्त्रेही आहेत. स्वतंत्र संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. पण तो चौथ्या वर्षी, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांसाठी. दिल्ली विद्यापीठात या धोरणानुसार २०२२ मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२५-२६ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचली.

आराखड्यामागील हेतूविषयी माझी तक्रार नाही. तक्रार क्रमाविषयी आहे. आधी विषयांची टोपली हाती द्यायची आणि शेवटी, तेही निवडक विद्यार्थ्यांनाच, स्वतःचा प्रश्न विचारू द्यायचा, हा क्रम उलटा आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीने एका सत्रात पत्रकारितेची ओळख करून घेतली आणि दुसऱ्या सत्रात इतिहासाची, तर तिच्या गुणपत्रिकेत तीन शाखा येतील. त्या शाखा तिच्या विचारात एकमेकींना भेटतीलच असे नाही. त्यांची भेट घडवून आणतो तो प्रश्न.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण पाहा. हे गणिती पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. प्राचीन आहत नाण्यांचे वजन वापरामुळे किती घटते, या संख्याशास्त्रीय प्रश्नाने त्यांना इतिहासात नेले. नाणी कोणी पाडली हे कळावे म्हणून ते प्राचीन साधनांकडे वळले, संस्कृत ग्रंथांच्या संपादनात शिरले, आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. दरम्यान जनुकशास्त्रात आजही वापरले जाणारे एक गणिती सूत्र त्यांच्या नावाने रूढ झाले होते. कोसंबी असामान्य होते हे खरेच. तरीही त्यांनी धरलेली वाट सामान्य विद्यार्थ्यालाही धरता येते: हातात एक नेमका प्रश्न घ्यायचा आणि तो नेईल त्या विषयाचे दार ठोठवायचे.

यावर एक आक्षेप येईल, की पाया पक्का झाल्याशिवाय स्वतंत्र अभ्यास म्हणजे पोरखेळ. या आक्षेपाचे उत्तर मध्य प्रदेशात मिळते. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा ग्रामीण शाळांत सुरू झाला. तेथे माध्यमिक वयाची मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा त्यांना होती. विद्यापीठांतील आणि संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. पण तीस वर्षे तो सरकारी शाळांत चालला. सहावीच्या मुलांवर जो विश्वास टाकता आला, तो पदवीच्या दुसऱ्या वर्षातील तरुणांवर टाकता येऊ नये काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत, एकेका शिक्षकाकडे शेकडो विद्यार्थी आहेत, आणि प्रकल्प विकत मिळतात. म्हणूनच सुरुवात लहान असावी. दुसऱ्या वर्षी, गुणांची कोणतीही अट न घालता, प्रत्येक विद्यार्थ्याला ३ श्रेयांकांचा एक स्वतंत्र अभ्यास द्यावा. चार-पाच जणांचा गट, दोन वेगळ्या विभागांचे दोन मार्गदर्शक, गावातला किंवा शहरातला एक प्रश्न. मूल्यमापन जाडजूड प्रबंधिकेवर न करता नोंदवही, तोंडी परीक्षा आणि सामान्य वाचकाला समजेल असा एक लेख यांवर करावे. नोंदवहीतील फसलेल्या मोजण्या विकत घेणे कठीण असते. आणि शिक्षकाचा हा वेळ त्याच्या कार्यभारात मोजावा. तो मोजला नाही तर ही योजना कागदावरच राहील.

सामान्य वाचकासाठीचा लेख मी मुद्दाम सुचवतो. माध्यमशास्त्र आराखड्याच्या यादीत आहे, पण विज्ञान शाखेतील मुले त्याकडे सोपे गुण मिळवण्याचा विषय म्हणून पाहतात. आपण काय मोजले, किती खात्रीने मोजले आणि काय मोजता आले नाही, हे शेजारच्या काकूंना समजेल अशा मराठीत, हिंदीत किंवा तमिळमध्ये लिहिणे सोपे नाही. कोविडच्या काळात ही उणीव आपण सर्वांनी अनुभवली आहे.

७५ टक्क्यांची अट चौथ्या वर्षाच्या संशोधनासाठी राहिली तर राहो. परंतु सत्तर टक्के मिळवणारी विद्यार्थिनी शाळेत शिकवणार आहे, वार्ताहर होणार आहे, नगरपालिकेत काम करणार आहे. हवेचे दोन आकडे समोर आल्यावर ते तपासण्याची सवय तिलाही हवी, आणि ती लावण्यासाठी पदवीच्या तीन वर्षांत एखादी तरी संधी तिच्या वाट्याला यायला हवी.