आठाने भागले की इतिहास होत नाही

१/ संगणकाच्या इतिहासावरील लोकप्रिय लेखनात एक तक्ता हमखास भेटतो. १९५६ची डिस्क, १९८३ची डिस्क, आजची डिस्क. सर्वांचे वेग 'बाइट प्रति सेकंद' या एकाच रकान्यात, आणि शेवटी 'इतक्या पटींनी वाढ' असा विजयी आकडा. माझे म्हणणे असे की, असे तक्ते बहुधा इतिहास सांगत नाहीत, तो झाकतात. जुन्या यंत्राचा वेग आजच्या एककात आणणे हा केवळ अंकगणिताचा प्रश्न नव्हे. तो साधनचिकित्सेचा प्रश्न आहे.

२/ जुन्या कागदात 'मण' दिसताच कोणताही जबाबदार अभ्यासक त्याचे लगेच किलो करीत नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. म्हणून 'कोणत्या बाजारातला मण?' हे आधी विचारावे लागते. धान्याच्या बाबतीत बाळगलेली ही सावधगिरी आपण संगणकाच्या दारात चपलांसारखी काढून का ठेवतो?

३/ पहिला साक्षीदार : आयबीएमची १९५६ सालची '३५०' ही डिस्कयंत्रणा. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या. तिची क्षमता '५ मेगाबाइट' असे सर्रास छापले जाते. मूळ आकडा मात्र ५० लाख अक्षरचिन्हांचा आहे, आणि वेग सेकंदाला ८,८०० अक्षरचिन्हांचा. प्रत्येक चिन्हात माहितीचे बिट ६. पडताळणीचा बिट वेगळा. म्हणजे वेग झाला ५२,८०० बिट, अर्थात आजचे ६,६०० बाइट. जो '८.८ किलोबाइट' लिहितो, तो यंत्राला एक तृतीयांश वेग फुकट बहाल करतो.

४/ यात कालविपर्यासही आहे. 'बाइट' हा शब्दच वर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६मध्ये आयबीएमच्या 'स्ट्रेच' संगणकाच्या आखणीदरम्यान घडवला, आणि तेव्हा त्याचा आकार आठ बिटांना बांधलेला नव्हता. आठ बिटांची रूढी पक्की झाली ती १९६४च्या 'सिस्टिम/३६०' नंतर. रूपांतर करू नये असे मी म्हणत नाही. ते आपण केले आहे, यंत्राने नव्हे, एवढे वाचकाला कळले पाहिजे.

५/ दुसरा साक्षीदार : साडेतीन इंची '१.४४ मेगाबाइट' फ्लॉपी. तिच्यावर २,८८० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. एकूण १४,७४,५६० बाइट. दहा लाखांनी भागा : १.४७. १०२४ गुणिले १०२४ ने भागा : १.४१. मग १.४४ आले कोठून? १००० गुणिले १०२४ ने भागल्यावर! कोट्यवधी फ्लॉप्यांवर छापलेला हा 'मेगाबाइट' दोन मापपद्धतींचा संकर आहे.

६/ त्याच फ्लॉपीचा वेग '५०० किलोबिट'. येथे मात्र 'किलो' म्हणजे निखळ १०००. आठाने भागले की ६२,५०० बाइट येतात. पण एका वर्तुळाकार मार्गावर सेक्टर १८ आणि सेकंदाला फेरे ५. म्हणजे हाती लागणारी माहिती ४६,०८० बाइट. उरलेला वेग सेक्टरांचे पत्ते, पडताळणीच्या खुणा आणि मधल्या रिकाम्या जागा यांत खर्च होतो.

७/ तिसरा साक्षीदार सर्वांत बोलका : १९८३चा आयबीएम 'पीसी एक्सटी'. त्याच्या हार्ड डिस्कचा घोषित वेग ५० लाख बिट, म्हणजे ६,२५,००० बाइट. मार्गावर सेक्टर १७, सेकंदाला फेरे ६०. म्हणून उपयुक्त माहिती फार तर ५,२२,२४० बाइट. तीही सलग वाचणे यंत्रणेला झेपत नसे. म्हणून लागोपाठच्या क्रमांकांचे सेक्टर सहा-सहा घरांच्या अंतराने मांडलेले असत, आणि एक मार्ग पुरा वाचायला सहा फेरे लागत. उरले ८७,०४० बाइट : घोषित वेगाच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. पहिला आकडा तांत्रिक पत्रकाचा आहे. शेवटचा त्या पडद्यासमोर ताटकळणाऱ्या कारकुनाचा. आपण कोणाचा इतिहास लिहितो आहोत?

८/ आक्षेप येईल : 'थोड्या टक्क्यांनी काय बिघडते?' १००० आणि १०२४ यांतला फरक २.४ टक्केच, हे खरे. पण वरचे फरक एक तृतीयांशाचे आणि सात पटींचे आहेत. शिवाय 'आठाने भागा' हा मंत्र सर्वत्र चालतही नाही. साटा जोडणीच्या पहिल्या पिढीचा वेग १.५ गिगाबिट, पण माहिती १५० मेगाबाइट. कारण तारेवर प्रत्येक बाइटसाठी १० बिट धावतात.

९/ दुसरा आक्षेप : '१९९८मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने किबी, मेबी ही उपपदे आणली, मग गोंधळ संपला.' पुढच्यासाठी कदाचित. पण १९८३च्या पत्रकातील 'के' हे अक्षर 'किबी' म्हणून वाचणे हा संपादकाचा निर्णय आहे, कागदाची साक्ष नव्हे.

१०/ हे मी उंचावरून सांगत नाही. माझ्या पहिल्याच सेमिनारमध्ये मी असाच एक गुळगुळीत आलेख दाखवला होता आणि टाळ्याही घेतल्या होत्या. आज तो आलेख मी मागे घेतो.

११/ यापुढे असा तक्ता समोर आला, तर तीन प्रश्न विचारा. मूळ आकडा मूळ एककात दिला आहे का? मोजले काय : चिन्हे, बिट की बाइट? आणि मोजले कोठे : तारेवर, तबकडीवर की वापरणाऱ्याच्या हाती? उत्तरे नसतील, तर तो तक्ता कितीही देखणा असो, पुढे पाठवू नका.