घरच्या डॉक्टरांचे ऋण

आजोबांच्या दम्यापासून नातवाच्या गोवरापर्यंत ज्याने घरातील सारी दुखणी पाहिली, असा डॉक्टर निवर्तला म्हणजे वडीलधारे माणूस गेल्याचेच दुःख होते. शोकसभा भरते, भाषणे होतात, प्रतिमेला पुष्पहार घातला जातो. हे सारे उचितच आहे. परंतु आपली कृतज्ञता तेवढ्यावर संपावी काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे यांचे स्मरण होते. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शेकडो खेड्यांचे ते घरचे डॉक्टर होते. २५ मे २०११ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या सहधर्मचारिणी व सहकारी डॉ. मेबल १९९९ मध्येच गेल्या होत्या.

वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण व अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या या दांपत्याला कोणत्याही महानगरात सुखाने राहता आले असते. त्यांनी १९७० साली अवर्षणग्रस्त जामखेड निवडले. तेथे आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि त्याच दुखण्याने पुन्हा दारात येतो. आजाराचे मूळ गढूळ पाण्यात, अर्धपोटी राहण्यात आणि अज्ञानात होते. १९७२ च्या भीषण दुष्काळात लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नपाण्याची होती. डॉक्टरांनी तेच काम हाती घेतले. कूपनलिका खोदल्या गेल्या, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसावेत असा त्यांचा कटाक्ष राहिला. साऱ्या गावाची घागर तेथे भरू लागली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शिवाशिव सैल झाली.

शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. सुरक्षित बाळंतपण कसे करावे, जुलाब होणाऱ्या बालकाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, हे ज्ञान घेऊन त्या गावोगाव परतत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या आत आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ सालीच या प्रयोगाची दखल आपल्या ग्रंथात घेतली. १९७९ मध्ये उभयतांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. देशात २००५ पासून उभ्या राहिलेल्या 'आशा' योजनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचाच अनुभव होता.

आरोळे दांपत्याची उपासना ख्रिस्ती पद्धतीची होती. त्यांचे ऋण मान्य करताना त्यामुळे आपली वाणी क्षणभरही अडखळता कामा नये. ज्या समरसतेविषयी आपण व्यासपीठावरून बोलतो, ती त्यांनी पाणवठ्यावर आणून दाखविली. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मस्थान चौंडी याच जामखेड तालुक्यात आहे. विहिरी, घाट, बारवा बांधून सर्वांची तहान भागविणाऱ्या त्या राजमातेच्या भूमीला हे कार्य शोभून दिसते.

आपल्या घरच्या डॉक्टरांचेही ऋण असेच मोठे असते. त्यांनी मध्यरात्री दार उघडले, अनेकदा पैसे मागितले नाहीत आणि अनावश्यक औषध दिले नाही. त्यांच्या नावाचा फलक लावण्याने ते ऋण फिटणार नाही. त्यांनी जे दिले, ते आपण पुढे देण्यानेच त्याची थोडीफार उतराई होईल.

यासाठी फार मोठे काही करावयास नको. आपल्या वस्तीतील आशा कार्यकर्तीचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे काय? तिला घरी सन्मानाने बोलवावे, तिच्या कामात हात द्यावा. घरातील मुलगा अथवा मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत असेल, तर काही वर्षे तालुक्याच्या गावी सेवा करण्यास आई-वडिलांनीच प्रोत्साहन द्यावे. 'एवढे शिकून खेड्यात कशाला?' हा प्रश्न बहुधा आपल्याच घरातून निघतो. तो विचारणे आपण थांबविले, तर गेलेल्या डॉक्टरांना ती खरी श्रद्धांजली ठरेल.